जेटची गोधडी

ऑफिसात प्रत्येकाचा एक वीकेंड फंडा असतो. कुणी लोणावळ्याला पळतं, कुणी जिममध्ये घाम गाळतं, तर कुणी शुक्रवारी रात्री आडवं होतं ते थेट सोमवारी उठतं. माझा फंडा विचाराल तर मी जर्मन विमानं घासतो. अगदी शब्दशः. आठशे नंबरचा पॉलिश पेपर, वाटीभर पाणी आणि हातात सतरा सेंटिमीटरचं प्लॅस्टिकचं जेट. बस्स, एवढ्यावर रविवार निघतो.

हे सांगितलं की समोरच्याचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘म्हणजे लहान मुलांची खेळणी?’ दुसरा, ‘पण जर्मनच का?’ पहिल्या प्रश्नावर मी आताशा चिडत नाही, नुसता हसतो. दुसरा प्रश्न मात्र खरंच चांगला आहे. आजचा कॉलम त्याच्याच नावानं.

सहा फुटांचा एक इंच

आधी थोडे बेसिक्स. आमच्या दुनियेत सगळ्यात लोकप्रिय स्केल आहे १/७२. म्हणजे खरी वस्तू बहात्तर पटींनी लहान केलेली. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच, त्यामुळे सहा फुटी पायलट तुमच्या टेबलावर बरोब्बर एक इंचाचा होतो. मेसरश्मिट एमई २६२ हे जगातलं पहिलं लढाईत उतरलेलं जेट फायटर. त्याच्या पंखांचा पसारा साडेबारा मीटर, मॉडेलमध्ये तो जेमतेम सतरा सेंटिमीटर. टू बीएचकेमध्ये मावणारा छंद आहे हा, काळजी नको.

डब्यात प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले भाग येतात. ते कापायचे, कडा घासायच्या, चिकटवायचे, फटी पुटीनं बुजवायच्या, पुन्हा घासायचं, रंग द्यायचा आणि शेवटी खुणांची डिकल्स पाण्यात भिजवून अलगद सरकवायची. डब्यावरच्या चित्राबरहुकूम हे सगळं केलंत की तुम्ही पास. पण खरी नशा आहे ‘कन्व्हर्जन’मध्ये. डब्यात एक विमान असतं आणि तुम्हाला हवं असतं त्याचंच दुसरं भावंड, ज्याचा किट दुकानात मिळत नाही. मग कापा, जोडा, भरा, घासा.

आणि इथेच जर्मन जेट्स येतात. १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत तिथे जेट इंजिनावर जेवढे उलटसुलट प्रयोग झाले, त्यात जवळजवळ प्रत्येक प्रोटोटाइप आधीच्यापेक्षा वेगळा होता. भावंडंच भावंडं! कन्व्हर्जनवाल्यासाठी याहून मोठी मेजवानी नाही.

जेट बंद, पंखा चालू

सुरुवात झाली हाइंकेल एचई १७८ पासून. २७ ऑगस्ट १९३९ रोजी एरिख वार्झिट्सनं ते उडवलं. हान्स फॉन ओहाइन या तरुण शास्त्रज्ञाचं इंजिन बसवलेलं हे जगातलं पहिलं जेट विमान. पाचच दिवसांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं.

मग एमई २६२. याच्या पहिल्या प्रोटोटाइपची गोष्ट मला भारी आवडते. विमानाचा सांगाडा तयार होता, पण जेट इंजिनांचा पत्ता नव्हता. (सॉफ्टवेअरवाल्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल.) म्हणून एप्रिल १९४१ मध्ये नाकावर चक्क एक साधं पिस्टन इंजिन आणि पंखा लावून ते उडवलं. पुढे बीएमडब्ल्यूची दोन जेट इंजिनं आली, ती पंखांखाली बसवली. पण कुणीतरी शहाणपणानं नाकावरचा पंखा तसाच ठेवला. २५ मार्च १९४२ ला टेस्ट पायलट फ्रिट्झ वेंडेल उडाला आणि दोन्ही जेट्स बंद पडली. वेंडेल परत आला तो त्या जुन्या पंख्याच्या जोरावर. यालाच म्हणतात बॅकअप प्लॅन.

फक्त जेटच्या जोरावर एमई २६२ उडालं ते १८ जुलै १९४२ ला, लाइपहाइमच्या धावपट्टीवरून. हा तिसरा प्रोटोटाइप, व्ही ३. याला पुढचं चाक नव्हतं. जुन्या विमानांसारखं शेपटीला चाक, त्यामुळे नाक वर, शेपूट खाली. पंखा नसल्यामुळे शेपटीवर हवेचा झोत येईना आणि शेपूट जमीन सोडेना. उपाय काय, तर ताशी १८० किलोमीटरच्या आसपास वेग आल्यावर ब्रेकला हलकेच पाय लावायचा! विमान पुढे झुकतं, शेपूट उचलली जाते आणि मग उड्डाण. टेक-ऑफच्या वेळी ब्रेक मारायला काय काळीज लागत असेल, विचार करा. वेंडेलनं ते केलं आणि बारा मिनिटं उडून सुखरूप उतरला.

माझ्या टेबलावर झालेलं पहिलं कन्व्हर्जन हेच. नेहमीचा १/७२ एमई २६२ किट घ्यायचा. नाकाखालची चाकाची दारं बंद करून चिकटवायची, पुटी भरायची, तिथे कधी काही होतं याचा पुरावा राहणार नाही इतकं घासायचं. नाकातली तोफांची भोकं बुजवायची, कारण व्ही ३ निःशस्त्र होता. मुख्य चाकं पुढे सरकवायची, नाहीतर विमान नाकावर आपटेल. पंखाची पुढची कड इंजिन आणि धड यांच्या मध्ये सरळ करायची, कारण तिथला तिरपेपणा नंतर आला. शेवटी उरल्यासुरल्याच्या डब्यातून एक छोटं चाक शोधून शेपटीखाली लावायचं आणि धडावर अक्षरं टाकायची : पीसी+यूसी.

यात एक बोनस आहे. नेहमीचं एमई २६२ मॉडेल टेबलावर ठेवलं की शेपटीवर बसतं, त्यामुळे नाकात शिशाचे छर्रे कोंबावे लागतात. व्ही ३ ला शेपटीवरच बसायचंय. छर्रे वाचले!

ठिगळांचं बॉम्बर

आता सध्याच्या प्रोजेक्टकडे येऊ. युंकर्स जेयू २८७. चार जेट इंजिनांचं बॉम्बर आणि पंख चक्क उलटे. म्हणजे नेहमीसारखे मागे झुकलेले नाहीत, तर टोकं पुढे आलेली. चूक नाही ती, डिझायनर हान्स वोकेचा हिशोब होता. मागे झुकलेल्या पंखाची टोकं कमी वेगात आधी दगा देतात, आणि आडवा तोल सांभाळणाऱ्या झडपा नेमक्या तिथेच असतात. पंख पुढे झुकवला की दगा आधी मुळाशी होतो, टोकं शेवटपर्यंत पायलटच्या ताब्यात राहतात.

हे खरं आहे का, ते उडवून बघायचं होतं. पण १९४४ साल, वेळ नाही, पैसा नाही, माणसं नाहीत. मग त्यांनी काय केलं? धड घेतलं हाइंकेल एचई १७७ बॉम्बरचं. शेपूट जेयू ३८८ ची. मागची मोठी चाकं जेयू ३५२ या मालवाहू विमानाची. आणि पुढची दोन चाकं? ती अमेरिकन बी-२४ लिबरेटरची. पाडलेल्या शत्रूच्या विमानांतून काढून आणलेली! नवीन होते फक्त पंख.

आजी जुन्या साड्या, धोतरं, फाटके सदरे जमवून गोधडी शिवायची ना, अगदी तस्सं. ८ ऑगस्ट १९४४ ला ही गोधडी ब्रँडिसहून उडाली. चाकं आत घेण्याची सोय नव्हती, दोन इंजिनं पंखांखाली आणि दोन नाकाच्या दोन बाजूंना. पंखांवर लोकरीचे दोरे चिकटवले होते आणि शेपटीसमोर कॅमेरा बसवला होता. हवेत दोरे कसे फडफडतात यावरून पंखावरची हवा कशी वाहते ते समजायचं.

म्हणजे बघा, आम्ही मॉडेलवाले चार किट फोडून एक विमान बनवतो, त्याला ‘किटबॅशिंग’ म्हणतो आणि वर भाव खातो. इथे मूळ विमानच किटबॅश होतं! १/७२ मध्ये एचई १७७ चा किट निघालेला आहे, बी-२४ चाही. पंख मात्र प्लॅस्टिक शीटमधून स्वतः कापायचे, पदर चढवायचे आणि घासून गोलाई आणायची. पसारा साधारण २८ सेंटिमीटर. नाकाच्या इंजिनांसाठी मी एमई २६२ च्या एका अर्धवट किटवर डल्ला मारलाय. ते दोघेही युमो ००४ हेच इंजिन वापरायचे, त्यामुळे इतिहासाची हरकत नाही. आणि ते लोकरीचे दोरे? फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून हळूच ताणला की केसासारखा धागा निघतो. त्याचे दीड-दोन मिलिमीटरचे तुकडे, चिमट्यानं, एकेक. माझी सध्याची ध्यानधारणा हीच.

वोकेची आयडिया वाया गेली नाही, हे आणखी एक. युद्धानंतर रशियनांनी ते काम आपल्याकडे नेलं आणि त्यातून आलेलं ईएफ १३१ तिकडे १९४७ मध्ये उडालं. खुद्द वोकेनं पुढे जर्मनीत एचएफबी ३२० हान्सा जेट हे छोटं बिझनेस जेट केलं. १९६४ मध्ये ते उडालं, पुढे झुकलेल्या पंखांसकट.

जी उडालीच नाहीत ती

या छंदात एक मोठा पंथ आहे, ‘लुफ्ट ४६’. युद्ध १९४६ पर्यंत चाललं असतं तर जर्मनीनं काय उडवलं असतं, याची मॉडेल्स. फक्त ड्रॉइंगवर राहिलेली विमानं, त्यांना रंग, नंबर आणि स्क्वॉड्रन देऊन सजवलेली.

यातली काही विमानं अगदीच हवेतली नव्हती. होर्टेन बंधूंचं शेपूट नसलेलं, लाकडी पंखाच्या आकाराचं जेट फेब्रुवारी १९४५ मध्ये खरंच उडालं. १८ तारखेला इंजिन बंद पडून ते कोसळलं आणि पायलट एर्विन झिलर गेला. पुढचा अर्धवट प्रोटोटाइप अमेरिकेत पोचला, तो आज स्मिथसोनियनकडे आहे. मेसरश्मिट पी ११०१ ओबरअमरगाउ इथे जवळपास पूर्ण झालेल्या अवस्थेत अमेरिकनांच्या हाती लागलं. त्याच्या पंखांचा कोन जमिनीवर बदलता यायचा. बेल कंपनीनं त्यावरून एक्स-५ बनवलं, १९५१ मध्ये उडवलं आणि त्याचा कोन तर हवेतच बदलायचा.

आणि एक धागा थेट आपल्याकडे येतो. फोके-वुल्फचा बडा डिझायनर कुर्ट टँक. त्याच्या कंपनीचं टीए १८३ हे जेट कागदावरच राहिलं. युद्धानंतर तो अर्जेंटिनात गेला, तिथे पुल्की २ केलं आणि मग आला भारतात. बंगळुरूला एचएएलमध्ये त्यानं आपल्या इंजिनियर्सना घेऊन एचएफ-२४ मारुत बनवलं. १७ जून १९६१ ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते उडवलं. एकूण १४७ मारुत तयार झाली आणि १९७१ च्या युद्धात ती लढली. डिझाइन देखणं, पण हवं तेवढं ताकदवान इंजिन कधी मिळालंच नाही. ऑफिसच्या कामानं बंगळुरूला गेलात तर एचएएलच्या म्युझियममध्ये जाऊन बघा.

‘यार, आणखी सहा महिने...’

आता जरा अवघड भाग. टपरीवर कटिंग घेताना मी या विमानांचा विषय काढला की एक जण हमखास म्हणतो, ‘यार, त्या हिटलरला आणखी सहा महिने मिळाले असते ना, तर गेम पलटला असता!’ आवाजात चक्क हळहळ असते. मॅच हरल्यासारखी.

मी दोन गोष्टी सांगतो. पहिली इंजिनाची. युमो ००४ ला निकेल, क्रोमियम हवं होतं, ते मिळत नव्हतं. मग साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा थर देऊन काम भागवलं. अशा इंजिनाचं आयुष्य १० ते २५ तास. सोमवारी सकाळी आपल्यासोबत ड्यूटीवर लावलं तर बुधवारी संध्याकाळी भंगारात! चौदाशेच्या वर एमई २६२ तयार झाली, पण त्यातली पुष्कळशी लढाईपर्यंत पोचलीच नाहीत. इंधन नाही, शिकलेले पायलट नाहीत.

दुसरी गोष्ट तारखांची. युरोपातलं युद्ध संपलं ८ मे १९४५ ला. हिरोशिमावर बॉम्ब पडला ६ ऑगस्टला. आणि त्या बॉम्बचं काम अमेरिकेत सुरू झालं होतं ते जर्मनीच्या धास्तीनं. मेमध्ये आणखी सहा महिने मिळवा आणि मग सांगा, नेमकं काय मिळालं असतं.

पण या दोन्हीपेक्षा मोठी एक तिसरी गोष्ट आहे आणि ती टपरीवर सांगताना घास अडकतो. ऑस्ट्रियात लिंझजवळ गुसेन नावाची छळछावणी होती. १९४४ पासून तिथल्या कैद्यांकडून डोंगरात बोगदे खोदून घेतले, नाव दिलं ‘बेर्गक्रिस्टाल’, म्हणजे स्फटिक. त्या बोगद्यांत एमई २६२ ची धडं तयार व्हायची. उपासमार, मारहाण, थंडी. तिथे हजारो माणसं मेली. ‘जादुई’ जेट म्हणतात ते हे. जे धड मी इतक्या प्रेमानं घासतो, त्याच्या मूळ रूपाला हात लावणारी माणसं कोण होती, हे माहीत असल्यावर ‘गेम पलटला असता’ हे वाक्य तोंडातून निघत नाही. सहा महिने मिळाले असते तर ते त्या बोगद्यांनाही मिळाले असते.

आईचा प्रश्न

जर्मन कंपनीच्या डब्यात शेपटीवरचं ते चिन्ह नसतंच, तिकडच्या कायद्यानं बंदी आहे. पण वेगळ्या विकत घेतलेल्या डिकल्सच्या पानावर ते असतं. असंच एक पान टेबलावर होतं. आई झाडू मारता मारता थांबली.

‘काय रे, हे स्वस्तिक असं तिरपं का छापलंय?’

‘आई, ते आपलं नव्हे. हिटलरचं आहे.’

‘मग आपल्या घरात काय करतंय?’

प्रश्न एका ओळीचा, उत्तराला मला दोन वीकेंड लागले. ‘इतिहास आहे तो, जसा होता तसा दाखवायचा,’ असं माझे काही मॉडेलवाले मित्र म्हणतात आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. पुसून टाकलं की विसरायला सोपं जातं. पण म्युझियममध्ये विमानाशेजारी पाटी असते, सांगणारा माणूस असतो. माझ्या हॉलमध्ये शोकेसमध्ये फक्त विमान असतं आणि दारावर आईनं हळदी-कुंकवानं काढलेलं स्वस्तिक. घरी येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या भाच्याला त्यातला फरक कोण सांगणार?

म्हणून माझे दोन नियम ठरलेत. एक, मी जिंकलेल्या जर्मनीची काल्पनिक विमानं बनवत नाही. जे खरंच तयार झालं, धडपडलं, कोसळलं, तेच बनवतो. त्यात कन्व्हर्जनची मजा कमी होत नाही, उलट वाढते. कारण फोटो शोधावे लागतात, मापं जुळवावी लागतात, मनचं काही चालत नाही. दोन, शेपटी कोरी ठेवतो, पण प्रत्येक मॉडेलच्या लाकडी पाटावर एक छोटी मराठी पाटी लावतो. विमानाचं नाव, तारीख, काय झालं आणि ते कुणाच्या हातांनी बनलं. साध्या एमई २६२ च्या पाटीवर शेवटची ओळ आहे : ‘धडं : गुसेनचे कैदी.’ पाहुणे जेट बघायला वाकतात आणि ती ओळ वाचून सरळ होतात. मग खरी गप्प बसण्याची किंवा बोलण्याची वेळ येते. बहुतेक वेळा बोलणंच होतं.

आई हल्ली धूळ पुसताना पाट्या वाचते. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून झाल्यात.

सुरुवात करायचीय?

चौघांनी मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा बघून पॉपकॉर्न खाल्लं की जेवढं बिल होतं, तेवढ्यात पहिला किट आणि मोजकी हत्यारं येतात. काही टिप्स घ्या.

पहिला किट डब्याबरहुकूमच बनवा, कन्व्हर्जन तिसऱ्या किटपासून. नाहीतर दोन्हीचा भुगा होतो.

चिकटवायच्या आधी प्रत्येक भाग कोरडा जोडून बघा. फट आत्ता दिसली तर पाच मिनिटांचं काम, रंगानंतर दिसली तर अख्खा रविवार.

नेलपेंट रिमूव्हरनं प्लॅस्टिक साफ करायला जाऊ नका. त्यात ॲसिटोन असेल तर मॉडेल विरघळेल.

पावसाळ्यात लॅकर रंगाचा फवारा मारू नका. दमट हवेत रंगावर दुधाळ साय धरते. जून ते सप्टेंबर कापाकापी आणि घासकाम, रंगकाम दिवाळीनंतर.

विमानाच्या नाकावरची बारीक नळी हवी असेल तर मेडिकलमधली इंजेक्शनची सुई उत्तम. टोक आधी घासून बोथट करा.

उरलेला एकही तुकडा फेकू नका. आज निरुपयोगी वाटणारं चाक पुढच्या वर्षी सोनं असतं.

यावरून आठवलं. जेयू २८७ ला पुढची चाकं दोन लागतात आणि बी-२४ च्या एका किटमध्ये पुढचं चाक एकच येतं. म्हणजे दोन लिबरेटर पाडल्याशिवाय माझंही विमान उभं राहत नाही! एक माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर १/७२ चा अर्धवट बी-२४ पडला असेल, तर तेवढं एक चाक माझ्यासाठी काढून ठेवा. कटिंग माझ्याकडून.